वाडग्याच्या तळाशी

४ तारीख, बुधवार

लिफ्ट बिघडली की आम्ही दुरुस्तीवाले आधी वहीत लिहायचो. आवाज कुठल्या मजल्यावर आला, वर जाताना आला की खाली येताना, दार लागताना की सुटताना. कारण सापडलं नाही तर नुसता आवाज लिहून ठेवायचा. माझी शाळा सहावीत सुटली, पण ती वही मी नोकरी संपेपर्यंत लिहिली. आता ही वही लिहायला घेतोय, कारण आमच्या घरात काहीतरी बिघडलंय आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

गेल्या महिन्यात आम्हा नवराबायकोला एकदमच ताप आला. माझा उतरला, खोकला राहिला. हिचा उतरला आणि जाताना हिचं बोलणं घेऊन गेला. एरवी ही भांडी घासताना भांड्यांशीसुद्धा बोलते. आता गप्प.

आणि जेवण! हिने कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जन्मभर स्वयंपाक केला. शेकडो माणसांच्या पातेल्यात मुठीने मीठ भिरकावायची, मग तळहातावर थेंबभर घेऊन चाखायची आणि मान हलवायची. ती मान हलली की झाकण पडायचं. अशी ही, आणि काल भाजी इतकी खारट की माझी जीभ आक्रसली. आज मिठाचा पत्ताच नाही. मी एवढंच म्हटलं, "आज मीठ विसरलीस काय गं?" हिने माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि आत नेलं. मी अर्धवट जेवलेला, हात तसाच हवेत.

सकाळी दूध करपलं. मला न्हाणीघरात वास आला, मी साबणासकट बाहेर आलो, तर ही शेगडीसमोरच उभी.

"अगं, दूध!"

"ओरडता कशाला? दिसतंय मला."

दिसतंय तर गॅस बंद का नाही केला?

मी काय केलंय, ते आठवून आठवून डोकं दुखलं. काही सापडलं नाही. म्हणजे मोठंच काहीतरी असणार.

५, गुरुवार

ही आज दुपारी जेवायच्या वेळेला चांगली साडी नेसून निघाली. ताट झाकून ठेवलेलं, माझ्या एकट्याचं.

"कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे घरात नाही तिथे."

जिन्यात समोरच्या दारातले पोस्टमास्तर उभे होते. रिटायर झाल्यापासून त्यांना वाटायला पत्रं नाहीत, म्हणून बातम्या वाटतात. म्हणाले, "काय हो लिफ्टवाले, वहिनी एकट्याच? आणि अत्तरबित्तर?" अत्तराचा वास मलाही आला होता. भसाभसा लावलेलं, खालच्या मजल्यापर्यंत दरवळत होतं. ही कधी इतकं लावत नाही.

परत आली तेव्हा डोळे लाल, नाक लाल, आणि चेहरा मात्र खुललेला. रडून आलेलं माणूस असं दिसतं का? विचारायची हिंमत झाली नाही.

९, सोमवार

लेकीचा फोन. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ती आणि जावई जेवायला येणार. "आई, तुझ्या हातची बटाट्याची भाजी कर, कॅन्टीनमधली. हे सारखी आठवण काढतात." हिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. मग म्हणाली, "त्यापेक्षा बाहेर जाऊन जेवू."

मला वाटलं, आपल्याला खोकल्यामुळे नीट ऐकू आलं नाही. पाहुणे आल्यावर बाहेर जेवणाऱ्या घरांना ही नावं ठेवते! तिकडून लेकसुद्धा म्हणाली असावी की आई, बरी आहेस ना, कारण ही ओरडली, "बरी आहे मी. सगळे काय मला तेच विचारता!"

मी तर एकदाही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं की नको होतं, हेही कळेना.

१२, गुरुवार

आज मी हिच्या मागे गेलो. लिहितानाही लाज वाटतेय, पण लिहितो.

ही बसच्या पुढच्या दाराने चढली, मी मागच्या. टोपी डोळ्यांवर ओढली. मंडईच्या थांब्यावर ही उतरली. मागच्या गल्लीत सायकलवाल्याच्या दुकानाला लागून एक बुटकं दुकान आहे. दारात निळा कापडी पडदा, तोही अर्धाच, माणसाच्या कमरेपर्यंत. शेजारी काचेच्या कपाटात भरलेले वाडगे मांडलेले. जाड शेवया, मासळीचे तुकडे, अर्धं कापलेलं अंडं. वाफ नाही. शिळं असावं. वर पाटी होती, जपानी खानावळ.

ही पडदा सारून आत गेली. अशी गेली, जशी आपल्या माहेरी जातेय.

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. एक लांब फळी, फळीपलीकडे चुली, फळीअलीकडे उंच स्टुलं. ही स्टुलावर. पाय खाली पोचत नव्हते, ते हलवत होती. समोर वाडगा आला. हिने दोन काड्यांनी शेवया उचलल्या आणि सुर्रकन ओढल्या. एवढ्या मोठ्याने की मला बाहेर ऐकू आलं! मी बशीतून चहा ओढतो म्हणून हिने मला चार लोकांत आयुष्यभर टोकलंय. आणि ही बया तिथे नळ गळावा तशी आवाज करतेय, आणि कोणी बघतसुद्धा नाही.

मग डोक्याला फडकं बांधलेली एक बाई, ती तिथली स्वयंपाकी असणार, हिच्यापुढे वाकली आणि तिने एक लहानशी पळी दाखवली. ही पळीकडे बघत मान डोलवत होती. माझ्या कुठल्याही बोलण्यावर हिने अशी मान डोलवलेली मला आठवत नाही.

म्हटलं, आता आत जायचंच. पडदा उचलून पाऊल टाकलं मात्र, आतले सगळे एकदम ओरडले! एका सुरात, कसल्या तरी परक्या भाषेत. चुलीपाशी होते ते, भांडी घासत होते ते, सगळे माझ्याकडे बघून. माझं धाबं दणाणलं. मागे फिरलो तो छत्र्यांच्या डब्यात पाय अडकला, डबा घेऊनच चार पावलं पळालो.

हिने मागे वळून बघितलं की नाही, माहीत नाही.

१३, शुक्रवार

"पायाला काय झालं?"

"जिना."

"आपल्या जिन्याला छत्रीचा दांडा कधीपासून बसवला?"

एवढं बोलून ही आत गेली. म्हणजे बघितलं? की बघितलं नाही आणि नुसतं बोलली? दिवसभर जीव टांगणीला.

१५, रविवार

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर नंतर परत लिहीन.

गेले दोन दिवस घरात भाजी बंद आहे. नुसता रस्सा आणि भात. आणि रस्सा चांगला होता, तिथेच मला शंका यायला हवी होती. इतकी वर्षं हिच्या हातचं मीठ कधी दोन दिवस सारखं नसायचं. रागावली की जास्त, लेक येणार असली की बेताचं, पाय दुखले की कमी. मी पहिल्या घासाला ओळखायचो आज हवा कशी आहे ते. आणि आता परवा, काल, आज, सगळं तंतोतंत एक. यंत्रातून निघाल्यासारखं.

म्हणून आज दाराआडून बघितलं. हिने माझा वाडगा घेतला, रिकामा. ओट्यामागून एक बाटली काढली. चमचाभर तपकिरी पाणी मोजून, चमचा डोळ्यांसमोर धरून, काठोकाठ आहे ना बघून, माझ्या वाडग्याच्या तळाशी ओतलं. मग बाटली परत लपवली. आणि त्यावर पातेल्यातला रस्सा. तिच्या स्वतःच्या वाडग्यात तपकिरी काही नाही. नुसता रस्सा.



ही पाणी आणायला गेली तेव्हा मी वाडगे बदलले. देवा, जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं. ही बसली आणि माझा वाडगा ओरपायला लागली. मी तिच्या तोंडाकडे बघतोय. काही नाही. एक सुरकुती हलली नाही. सगळा संपवला. आणि मी तिच्या वाडग्यातला पहिला घोट घेतला, तर नुसतं गरम पाणी! मिठाचा कण नाही. हे ही रोज खाते?

म्हणजे माझ्या वाडग्यात काहीतरी घालते, आणि ते तिच्या पोटात गेलं तरी तिला चालतं. मग विष नाही. विष नाही तर लपवते कशाला? आणि स्वतः बिनमिठाचं का गिळते? कसला नेम धरलाय? कुणासाठी?

१६, सोमवार

पोस्टमास्तरांना सांगायचं नव्हतं. जिन्यात सांगून बसलो.

ते म्हणाले, "माझ्या मेहुण्याला बायकोने असंच घातलं होतं. दारू सुटायचं औषध."

"पण मी पीत नाही."

"मग दुसरं काही सुटायचं असेल. संसार वगैरे." आणि स्वतःच्याच विनोदावर कठडा धरून हसले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अहो, गंमत केली. जेवायला या माझ्याकडे आज." मी गेलो नाही. त्यांच्याकडे वाडग्यात काय घालतात, मला काय माहीत?

ही गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तेव्हा बाटलीतलं थोडं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत घेतलं आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेलो. त्याने हुंगलं, बोटावर घेतलं, मी नको नको म्हणेपर्यंत चाटलं.

"काका, हे सोयाचं पाणी आहे. खारट. थोडी साखर आहे, वाळवलेल्या मासळीचा वास येतोय. मस्त आहे. कुणी केलंय?"

"याने माणसाला काय होतं?"

"भूक लागते," तो म्हणाला.

म्हणजे मीठच. पातळ मीठ. पण बायको नवऱ्याला चोरून मीठ का घालेल? मीठ तर उघड घालतात! विष असतं तर निदान समजलं तरी असतं.

१८, बुधवार

लेकीचा परत फोन. बाहेर नको, घरीच जेवू, बटाट्याची भाजी हवीच. ही "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून बसली. मी जवळ जाऊन उभा राहिलो. विचारलं, "बटाटे आणू?"

"आणा," म्हणाली. आवाज असा, जसं काही मी कुणाच्या तरी सामानाची बांधाबांध करायला दोरी आणायचं विचारलं होतं.

ही जाणार आहे. मला सोडून. आता दुसरं काही सुचत नाही. लेकीला रविवारी सांगणार असेल.

१९, गुरुवार

आज लांबलचक लिहावं लागणार.

हिच्याआधी मी खानावळीत गेलो. पडदा उचलला, परत तेच ओरडणं. या वेळी डोळे मिटून उभा राहिलो. काही झालं नाही. डोळे उघडले तर सगळे आपापल्या कामाला. फडकेवाली बाई हसत म्हणाली, "या काका, ते स्वागत असतं. छत्र्या आत घेतल्यात आज."

मी फळीपाशी शेवटच्या स्टुलावर बसलो. मला गरम, ओला, गुंडाळलेला टॉवेलचा तुकडा दिला. मी तोंड पुसलं, मान पुसली, आणि फळीवर डाग दिसला तोही पुसून दिला. मग सांगितलं, "बाई, बाहेर काचेत ते अर्धं अंडं ठेवलंय ना, ते गेल्या गुरुवारपासून तसंच आहे. काढा ते. कोणी खाल्लं तर पंचाईत होईल."

"प्लास्टिकचं आहे काका."

शेजारचा एकजण वाडग्यात तोंड घालून हसला. मी म्हटलं, मग ठीक आहे.

ती कामाला लागली आणि मी बघत राहिलो. तीन रिकामे वाडगे ओळीने मांडले. लहान पळीने प्रत्येकाच्या तळाशी तपकिरी पाणी. मोजून. मग मोठ्या पातेल्यातला पांढरट रस्सा वरून.

मी स्टुलावरून उतरलोच. "हेच! हेच ते! हे काय घालता तुम्ही?"

"मीठ आहे काका. पातेल्यातल्या रश्शात मीठ नसतंच. मीठ वाडग्यात, एका वाडग्याला एक पळी. मग दर वेळी चाखायला नको. मला सर्दी झाली, वास येईनासा झाला, तरी वाडगा बिघडत नाही."

"पण हे माझ्या घरात कसं आलं?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग मी बसलो होतो त्या स्टुलाकडे, मग माझ्या पायाकडे. "म्हणजे गुरुवारच्या आजींचे तुम्ही! त्यांना मी माप काढून दिलंय. घरच्या चमच्याला किती बसतं ते."

"कशासाठी पण?"

"ते त्यांना विचारा," ती म्हणाली आणि सगळे परत ओरडले, कारण दारात ही उभी होती.

ही सरळ माझ्यापर्यंत आली. मला वाटलं आता संपलं.

"अहो, ही माझी जागा आहे."

मी सरकलो. ही बसली. टॉवेलने हात पुसले, तोंड नाही. तिच्यापुढे न मागता ताटली आली, भात आणि मासळी आणि कडेला हिरवी ओली गोळी, चटणीसारखी. हिने काडीच्या टोकाने ती हिरवी उचलली, नुसतीच, आणि जिभेवर ठेवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. नाक लाल. आणि हसतेय!

"अगं, काय करतेस? तिखट आहे ना ते?"

"हेच तेवढं पोचतं," ही म्हणाली.

"कुठे पोचतं?"

"इथे." नाकाच्या वर, कपाळावर बोट ठेवलं. "बाकी काही पोचत नाही. तापापासून. वास नाही, चव नाही. खारट कळत नाही, आंबट कळत नाही. तुमच्या डोक्याचं तेलसुद्धा नाही, त्याचं एक बरंय. डॉक्टरकडे गेले होते मी. तो म्हणाला, येईल परत. पण कधी ते सांगता येत नाही, कदाचित येणारही नाही."

मला एकदम ते दूध आठवलं. अत्तर आठवलं. म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? तुम्ही पहिला घास घेता आणि माझ्या तोंडाकडे बघता. रोज. मी तिकडे शेगडीपाशी उभी. कॅन्टीनमध्ये शेकडो माणसं होती, कधी हात थरथरला नाही माझा. आता तुमच्या एका घासाला थरथरतो. इथे कोणी विचारत नाही मला. माप त्यांचं, वाडगा त्यांचा. मी नुसतं खायचं. गरम आहे, कुरकुरीत आहे, बुळबुळीत आहे, एवढं कळतं मला."

मी पहिल्या घासाला तिच्याकडे बघायचो ते हवा कशी आहे ते बघायला. ते तिला असं वाटायचं? मी हे बोललो नाही. बोललो ते हे, की "मग तू मला सोडून जाणार नाहीस?"

हिची काडी तिथेच थांबली. "कुठे जाऊ? पाय पोचत नाहीत माझे या स्टुलावरून."

२०, शुक्रवार

आता सगळं समजलं, तर झोप यायला पाहिजे होती. आली नाही. काल होती ती भीती बरी होती, तिला धरायला काहीतरी होतं.

लेकीला काही सांगायचं नाही म्हणते. "तिला कळलं की ती रोज डबा पाठवील. मग मी या घरात काय करू? भिंती बघू?" आणि बटाट्याच्या भाजीला चमच्याचं माप चालत नाही. मीठ, तिखट, आंबट, सगळं कढईत, आणि बटाटा कधी किती ओढून घेईल त्याचा नेम नाही. म्हणून माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही चाखा."

मी!

लगेच तालीम सुरू. दुपारचा रस्सा पुढ्यात ठेवला. "कसा लागतोय सांगा."

"बरा आहे."

"बरा म्हणजे?"

"म्हणजे... खाण्यासारखा."

"खारट आहे? आंबट आहे? मागे काही राहतंय का जिभेवर?"

मी परत घोट घेतला. परत. चौथ्या घोटाला वाडगा संपला आणि माझ्याकडे शब्द नव्हता. ही म्हणाली, "इतकी वर्षं मी तुमच्या पोटात घालतेय, आणि तुम्हाला मीठ कमी, मीठ जास्त, याच्यापलीकडे काही कळलंच नाही?" मग हसायला लागली. तापानंतर पहिल्यांदा ही अशी हसली. मी हसलो नाही. मला घाम फुटला होता.

संध्याकाळी पोस्टमास्तरांना विचारलं, "आंबट म्हणजे कसं, ते शब्दांत कसं सांगाल?"

ते म्हणाले, "लिफ्टवाले, तुम्हाला खरंच काहीतरी घालताहेत."

२२, रविवार

लेक आणि जावई बाहेरच्या खोलीत. लेक सारखी आत येऊ बघतेय. ही तिला बाहेर पिटाळतेय, "तू पाहुणी आहेस, बस गप." कढईत भाजी. हिने चमच्यावर एक बटाटा घेतला, फुंकला, माझ्या तोंडासमोर धरला. हात कापत होता. खरंच कापत होता. इतकी वर्षं मी त्या हाताकडे कधी बघितलं नव्हतं, ताटाकडे नाहीतर तोंडाकडेच बघायचो.

मी खाल्लं.

"बोला लवकर."

मीठ ठीक होतं. ते मला येतं. पण काहीतरी नव्हतं. काय नव्हतं? माझ्या डोक्यात सगळा गोंधळ. बाहेरून जावई म्हणाला, "वा, काय वास सुटलाय!" आणि हिचे डोळे भरले, हिरव्या गोळीशिवाय.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"अडकलीय," मी म्हटलं.

"काय अडकलीय?"

"भाजी. म्हणजे... लिफ्ट कशी दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, तशी. मोटर चालू आहे, दिवा चालू आहे, सगळं आहे, पण दार उघडायला मजलाच येत नाही. वर ओढणारं काहीतरी हवंय. थोडंसंच. हातभर."

मी काय बरळतोय असं मलाच वाटलं. हिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि मग वळून लिंबू कापलं. अर्धं पिळलं. ढवळलं. दुसरा बटाटा माझ्या तोंडात.

"आता?"

"आली," मी म्हटलं. "मजल्याला आली. दार उघडलं."

हिने मान हलवली. तीच, कॅन्टीनमधली. आणि झाकण ठेवलं.

जावयाने तीनदा वाढून घेतली. लेक म्हणाली, "आई, आज तर नेहमीपेक्षा भारी झालीय. बाबा, तुम्ही का एवढे घामाघूम?" मी म्हटलं, खोकला. ही म्हणाली, "चढ होता जरा." लेकीला काही कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही, मी सांगितलं ते काय आणि हिला कळलं ते कसं.

२६, गुरुवार

आज दोघं बसने गेलो, एकाच दाराने. आत सगळे ओरडले. मी पण ओरडलो, तर फळीपाशी बसलेले दचकले. हिने कोपर मारलं. गिऱ्हाइकाने ओरडायचं नसतं म्हणे.

आज हिने ताटली नाही मागवली. एकच वाडगा मागवला आणि माझ्यापुढे सरकवला. "तुम्ही प्या. मी ऐकते."

बसमध्ये मनात जुळवून आणलेलं सगळं विसरलो. फडकेवाली कान देऊन ऐकतेय, शेजारचा ऐकतोय. म्हटलं, मासळीचं पाणी आहे. ही म्हणाली, ते तर मलाही दिसतंय. मग मी डोळे मिटले. आम्ही अंधाऱ्या खड्ड्यात उभे राहून वरून येणारी लिफ्ट नुसत्या आवाजावर ओळखायचो, तसे.

"तळमजल्यावर खारट आहे," मी म्हटलं. "बोचणारं नाही, भक्कम. त्यावर सगळं उभं आहे. वर निघालं की पहिल्या मजल्यावर मासळी, ओली नाही, उन्हात वाळवलेली. मग मधे कुठेतरी गोड येतं, पण ते थांबत नाही, दाराच्या फटीतून दिसतं आणि जातं. मग अंडं. तिथे जरा वेळ थांबायचं, तिथे गादी टाकलेली आहे. आणि सगळ्यात वर पातीचा कांदा. तो गच्चीवरचा. दार उघडल्यावर एकदम वारा लागतो ना, तसा."

कोणी हसलं नाही. हे बरोबर सांगितलं की चूक, मला काही समजेना. डोळे उघडले तर ही वाडगा दोन्ही हातांत धरून बसलेली. एक घोट तोंडात घेतला होता, गिळला नव्हता. डोळे मिटलेले. खूप वेळाने गिळला.

"आलं काही?" मी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. मग वाडगा परत तोंडाला लावला आणि म्हणाली, "परत सांगा. तळमजल्यापासून."